जुनापाणीला नुसते धोंडेच दिसले? फाल्गुनात पुन्हा जा

प्रश्न असा आला आहे: सांगलीहून बदली होऊन नागपुरात आलो. जानेवारीत एका रविवारी जेवण करून नागपूरजवळच्या जुनापाणीची शिलावर्तुळं, म्हणजे जुन्या दफनांभोवतीची धोंड्यांची कडी, बघायला गेलो. नुसते धोंडे दिसले, अर्ध्या तासात परत. आता होळीच्या आधी एक दिवस मोकळा आहे, नऊ वर्षांची मुलगी सोबत असेल. जंगलातून चालणं आणि जुने दगड, दोन्ही एका फेरीत व्हावं. आमचं काय चुकलं, आणि आता कसं जावं?

चुकलं ते एवढंच, की जेवून गेलात. दुपारचं ऊन वरून पडतं, दगडाची सावली आखडते, आणि लांब सावली नसली की पुरलेला दगड आणि पडलेला दगड सारखाच दिसतो. शिवाय जानेवारीत वाळकं गवत गुडघाभर उभं असतं, वर्तुळाचा अर्धा काठ त्यातच बुडतो. जुनापाणीला तीनशेच्या आसपास वर्तुळं आहेत आणि त्यांतलं एकही न दिसता माणसं परत येतात. मी पहिल्या खेपेला एका वर्तुळाच्या काठावर बसून डबा खाल्ला आणि सोबतच्याला विचारलं, "कुठं आहेत म्हणे ती वर्तुळं?"

माझ्याकडे पुरातत्त्वाची पदवी नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी मोजणी खात्यात भूमापक होतो. साखळी आणि टेबल घेऊन नागपूर, वर्धा, भंडारा भागातली वावरं, पांदणी, शिवधुरे तुडवण्यात तीस वर्षं गेली. हद्दीचा दगड कुणी रोवलेला आहे की नांगराच्या फाळानं सरकून आलेला आहे, यावर भाऊबंदकीचे दावे चालतात. त्यामुळे दगड जमिनीत कसा बसलाय हे बघायची सवय पोटानं लावली. वर्तुळांचा नाद त्याच सवयीतून लागला.

आता फाल्गुनच का? आमच्याकडचं जंगल पानगळीचं. पावसाळ्यात सगळं हिरवं, दोन हातांपलीकडचं दिसत नाही. हिवाळ्यात गवत. चैत्र उजाडला की दहा वाजताच ऊन डोक्यात जातं. मधे फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचे पहिले तीन आठवडे एवढाच काळ असा असतो की गवत ढोरांनी खाल्लेलं किंवा जळालेलं, झाडांची पानं खाली, आणि सकाळ अजून सोसवणारी. जमीन उघडी पडते. ज्याला दगड वाचायचेत त्याच्यासाठी वर्षातले हेच चार आठवडे.

पावसाळ्यात जाऊ नका याला तर एक जुना आणि वाईट दाखलाच आहे. स्टीफन हिस्लॉप नावाचा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला. त्याच्याच नावाचं हिस्लॉप कॉलेज तुम्ही पाहिलं असेल. धर्मप्रचार त्याचा धंदा, पण जीव दगडांत. सप्टेंबर १८६३ मध्ये मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्यासोबत तो बुटीबोरीजवळच्या टाकळघाटची शिलावर्तुळं बघायला गेला, आणि त्या फेरीतच पूर आलेल्या नाल्यात बुडून मेला. विदर्भातल्या शिलावर्तुळांकडे अभ्यासाच्या नजरेनं बघणाऱ्या पहिल्या काही माणसांपैकी एक असा गेला. आमच्या भागातले नाले वर्षातले आठ महिने वाळूचे पट्टे असतात, म्हणून नवखा माणूस त्यांना हलक्यात घेतो.

तर ही वर्तुळं म्हणजे काय, ते आधी. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली, लोखंड वापरणाऱ्या लोकांची ही दफनं. जमिनीत खड्डा, त्यात मृताचे अवशेष, मडकी, लोखंडाची हत्यारं, कधी तांब्याचे दागिने आणि अकीकाचे मणी. वरून माती-मुरूम-गोट्यांचा भर, आणि भोवती काळ्या दगडाच्या मोठ्या धोंड्यांचं कडं. १८७९ मध्ये रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं जुनापाणीबद्दल लिहिलं. १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी तिथं शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. पुढे शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी आणि नायकुंड ही ठिकाणं एकेक करून उघडली. नायकुंडला, म्हणजे पारशिवनी तालुक्यात पेंचच्या काठी, लोखंड गाळायची भट्टी सापडली. माहुरझरीला माणसाबरोबर पुरलेला घोडा मिळाला, त्याच्या तोंडावर चढवायचा तांब्याचा साज मिळाला. घोड्याला दागिना घालून पुरणारी माणसं स्वतः मात्र कुडा-मातीच्या घरात राहत. दगड राखून ठेवला तो मेलेल्यांसाठी.

मडक्यांची एक गंमत सांगतो, कारण खापरीचा तुकडा तुम्हाला पायाखाली दिसेलच. आतून काळं आणि बाहेरून लाल, काठाशी पुन्हा काळं. दोन रंग दिलेले नसतात. भट्टीत मडकं पालथं घालून भाजलं की आत हवा पोचत नाही, तो भाग काळा राहतो. बाहेरून हवा लागते, तो लाल होतो. बघा, मुलीला दाखवा, आणि जिथल्या तिथं ठेवा.

आता मूळ दुखणं: दिसायचं कसं?

आधी धोंडे कुठून आले ते समजून घ्या, कारण फसगत तिथेच होते. नागपूरच्या पश्चिमेकडचा प्रदेश काळ्या दगडाचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. हा दगड कांद्यासारखा सोलत झिजतो. भेगांतून पाणी शिरतं, कोपरे आधी सुटतात, एकेक पापुद्रा मातीत जातो आणि मधला गोल गाभा उरतो. म्हणून काटोल रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कुणी न घडवलेले गोल धोंडे हजारोंनी पडलेले आहेत. त्या लोकांनी हेच धोंडे उचलले. म्हणजे ज्या दगडाचं वर्तुळ, तोच दगड आजूबाजूला मोकळा पसरलेला. एकेका दगडाकडे बघून काही कळणार नाही, कितीही वेळ डोळे फाडा.

म्हणून दगड सोडा, आधी जमीन बघा. जिथं काळी माती खोल आहे तिथं शोधू नका. तिथं वर्तुळं असलीच तर शेकडो वर्षांच्या नांगरटीत धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फेकली गेली. ती उरली आहेत मुरमाड उंचवट्यावर, नाल्यापासून फार दूर नाही अशा, नांगर न चालणाऱ्या पडीत जमिनीवर. आमच्या महसुली कागदांत अशा पुष्कळ जमिनीला 'झुडपी जंगल' म्हणतात. हा शब्द विदर्भाबाहेर कुणाला सांगितला तर हसतात, पण त्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद चालले आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही जमीन वनजमीन मानावी असं सांगितलं. माझ्या मते या वर्तुळांना कुणी वाचवलं असेल तर त्या जमिनीच्या नापिकपणानं. गावनकाशावर झुडपी जंगलाचा तुकडा आणि त्याला लागून नाला दिसला की माझे पाय आपोआप तिकडे वळतात.

तिथं पोचल्यावर सूर्याकडे तोंड करून उभं राहा. मार्चच्या मध्यावर नागपूरला सूर्य ६.२० च्या सुमारास उगवतो. त्यानंतरचा पहिला तास कामाचा. सूर्य समोर असला की प्रत्येक दगडाची लांब सावली तुमच्याकडे येते, आणि सावल्यांची ओळ वाकलेली दिसते. आधी एक कमान दिसेल, पूर्ण वर्तुळ दिसणार नाही. त्या कमानीच्या आत जाऊन मधोमध उभं राहा आणि जागेवर हळूहळू फिरा. खरं वर्तुळ असेल तर तीन गोष्टी जुळतात. काठाचे दगड साधारण एकाच अंगाचे, एकमेकांना खेटून, आणि पोटापर्यंत जमिनीत गाडलेले असतात. मधली जमीन पालथ्या ताटासारखी किंचित फुगलेली असते, कारण आत भर घातलेला आहे. पायांना ती डोळ्यांच्या आधी कळते, म्हणून मी पातळ तळव्याचे बूट घालतो. आणि तिसरं, ते एकटं नसतं. एक सापडलं की दहा-पंधरा पावलांवर दुसऱ्याचा काठ असतोच. पहिल्यासाठी अर्धा तास लागतो, पुढची पाच मिनिटांत दहा दिसतात, आणि मग घरी गेल्यावर फरशीवरही वर्तुळं दिसायला लागतात.

दगडफूल बघा. आपल्या मसाल्यात पडतं त्याच्याच भाऊबंदांतलं, पण इथं दगडाला चिकटलेलं, राखी-पांढरं, नाण्यांसारखं. न हललेल्या दगडाच्या वरच्या अंगावर ते पसरलेलं असतं आणि जमिनीच्या रेषेशी थांबतं. दगड अलीकडे हलवलेला असेल तर दगडफूल भलत्याच बाजूला, कधी मातीखाली गेलेलं, आणि उघड्या अंगावर मातीचा डाग. मोजणीत ही खूण मला दोनदा कोर्टात कामी आली आहे.

हे सगळं सांगतोय म्हणजे मी फसत नाही असं समजू नका. काही वर्षांपूर्वी कॉलेजच्या पोरांना घेऊन गेलो होतो. काटोलच्या अलीकडे एका पडितात सुबक वर्तुळ दिसलं. एकसारखे धोंडे, मधे उंचवटा. मी अर्धा तास बोललो, लोहयुगापासून सुरुवात करून. शेजारी एक गायकी, म्हणजे गुराखी, काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "साहेब, हे त माह्या बापानं मांडले होते जी. कुटाराच्या गंजीले उधई लागू नये म्हनून." पोरं हसून लोळली. उधई म्हणजे वाळवी, आणि उंचवटा म्हणजे कुजलेलं कुटार, ढोरांचा भुसा. मी दगडांच्या बुडाशी बघितलंच नव्हतं. बघितलं असतं तर ते वरवर ठेवलेले आहेत हे पहिल्या मिनिटाला कळलं असतं. तेव्हापासून मी आधी गायक्याला विचारतो. तो 'शिलावर्तुळ' म्हणत नाही. कुणी 'गवळ्यायचे गोटे' म्हणतो, कुणी नुसतं 'गोल गोटे'. विचारायचं असं की, "या रानात गोट्यांचे गोल कुठं आहेत जी?" रोज ढोरं तिथंच चारतो, त्याला एकेक ठाऊक असतो.

जुनापाणीला आणखी एक गोष्ट बघायची आहे, ती जानेवारीच्या दुपारी दिसणं शक्यच नव्हतं. काही धोंड्यांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत, बोटाचं पेर बसेल एवढे, बरेचदा सरळ ओळीत. रिव्हेट-कार्नॅकनं त्यांची नोंद केली होती. कशासाठी कोरले यावर मतं पुष्कळ. कुणी त्यात आकाशातल्या दिशा वाचतो. मला त्या वादात पडायचं नाही. मला ते बघायला आवडतात, बस. त्यांच्यासाठी युक्ती अशी: हातभर आरसा सोबत ठेवा. दगडाच्या पूर्वेला एकानं उभं राहून सावली पाडायची, दुसऱ्यानं आरशातून ऊन दगडावर आडवं, अगदी घासून टाकायचं. सपाट वाटणाऱ्या दगडावर खळग्यांची ओळ एकदम उमटते. खडू, पीठ, शेंदूर, पाणी यांतलं काहीही दगडावर घालायचं नाही. फोटो चांगला यावा म्हणून खडूनं खळगे भरणारी माणसं मी पाहिली आहेत. तो खडू लवकर जात नाही आणि दगडफुलाला अपाय होतो.

काही वर्तुळांच्या मधोमध खड्डा दिसेल. तो पुरातत्त्व खात्याचा असेलच असं नाही. गुप्तधनाच्या हंड्यासाठी रात्री खणणाऱ्यांचा असतो. हंडा अर्थातच नसतो, फुटकी मडकी बाहेर फेकलेली असतात, आणि जे समजलं असतं ते कायमचं जातं. बाकीचं नुकसान मुरमाच्या खदानी आणि लेआउट करतात. माझ्या नोकरीत मी स्वतः मोजून दिलेल्या एका प्लॉटच्या कुंपणाला नंतर जाऊन बघतो तो वर्तुळाचेच धोंडे लावलेले. नकाशावर माझी सही. जुनापाणीची जागा केंद्राच्या संरक्षणाखाली आहे, तिथून खापरी उचलणं हासुद्धा गुन्हा आहे, आणि खरं तर बाहेरच्या जागांनाही तोच नियम आपण आपल्याला लावावा.

साडेसात-आठला दगड संपवा. मग चालायला निघा.

जंगलासाठी तुम्हाला फार लांब जायची गरज नाही. काटोल-कळमेश्वरच्या बाजूला छोट्या टेकड्या आणि त्यांना जोडणाऱ्या पांदणी आहेत. पांदण म्हणजे दोन वावरांच्या मधली गाडीवाट. ती गावनकाशावर असते, तिच्यावरून चालायला कुणी अडवत नाही, आणि दोन्ही अंगांना मोठी झाडं राहिलेली असतात कारण ती कुणाच्याच मालकीची नाहीत. राखीव जंगलात शिरायचं असेल तर नाक्यावरच्या वनरक्षकाला सांगून, आणि शक्यतो गावातला माणूस सोबत घेऊन. राज्यातल्या सहा व्याघ्र प्रकल्पांपैकी पाच विदर्भात आहेत. मेळघाट, ताडोबा, पेंच, बोर, नवेगाव-नागझिरा. तिथं मनानं पायी हिंडायचा विचारच नको. पांदणीचं जंगल एका सकाळीसाठी पुरेसं आहे.

पळस आधी भेटेल. 'पळसाला पानं तीनच' म्हणतात, पण फाल्गुनात तेवढीही नसतात. नुसती काळी वाकडी फांदी आणि तिच्यावर केशरी फुलं, पोपटाच्या चोचीसारखी. दहा मिनिटं एका पळसाखाली उभं राहा. मैना, कोतवाल, शिंजीर, तुईया पोपट, सगळ्यांचं एकाच झाडावर भांडण चाललेलं असतं, कारण या दिवसांत रानात फुलातल्या रसाएवढं सोपं खाणं दुसरं नाही. पडलेली फुलं पिशवीभर वेचून घ्या. रात्री पाण्यात उकळून ठेवली की होळीचा रंग तयार, आणि तो कपड्यावर जेवढा सुंदर दिसतो तेवढाच साबणाला घाबरतो. काटेसावरीचा बहर तोवर ओसरत आलेला असेल. टेकडीच्या उताराला गणेर दिसला तर थांबा: पान एक नाही, आणि टोकाला बशीएवढी पिवळी फुलं. कुसुमाची कोवळी पालवी या दिवसांत रक्तासारखी लाल असते, लांबून नवखा माणूस फूलच समजतो.

उंचावर गेलात की सालई. हिरवट अंगाची, कागदासारखी साल सुटणारी. सालीवर नख ओढा आणि वास घ्या, देवळात आल्यासारखं वाटेल. हिच्या डिंकाचा धूप करतात. धावडा तिच्याच सोबतीला. बाळंतिणीच्या लाडवातला डिंक तो याचा. आणि कडेकपारीला एकटा उभा असतो तो भुत्या, पांढऱ्याफेक खोडाचा, अंगावर पान नसलेला. चांदण्यात हा का भुतासारखा वाटतो ते दिवसाही कळतं. खाली मान घातलीत तर तेंदूची छोटी झुडपं छाटलेली दिसतील. कुणी नासधूस केली असं वाटून हळहळू नका. ती खुटकटाई. आत्ता छाटलं की उन्हाळ्यात कोवळी पानं येतात आणि विड्यांसाठी तीच लागतात.

मोहाबद्दल मात्र जरा बसून बोलायला हवं. मार्चच्या मध्यापासून मोह गळायला लागतो. फुलं रात्री उमलतात आणि पहाटे टपटप पडतात, म्हणून बायका अंधारातच टोपल्या घेऊन येतात. झाडाखालची जागा झाडून, पाला जाळून साफ केलेली असते. ते झाड जंगलातलं असलं तरी वेचायचा हक्क कुठल्या घराचा हे गावात ठरलेलं असतं. तुम्हाला ते रिकामं झाड वाटतं, त्यांना ते वर्षाचं तेल-मीठ असतं. म्हणून फुलांवर पाय देऊ नका, कॅमेरा काढायच्या आधी विचारा, आणि दोन फुलं खावीशी वाटली तरी विचाराच. कुणी नाही म्हणत नाही. वर मूठभर मुलीच्या ओंजळीत टाकतील. मुलगी ती तोंडात टाकून आधी तोंड वाकडं करेल आणि मग आणखी मागेल, असा माझा अंदाज.

पण मोहाखाली तुमच्याआधी अस्वल येऊन गेलेलं असतं. त्यालाही ती फुलं तितकीच आवडतात. अस्वलाला ऐकू कमी येतं, दिसतं त्याहून कमी, आणि अचानक समोर आलं की ते पळण्याऐवजी अंगावर येतं. म्हणून मी मोहाच्या रानात आठच्या आत पाऊल ठेवत नाही, आणि ठेवलं की बोलत जातो. शांत चालण्याची हौस इथं नको. चंद्रपूरकडे तर मोहाच्या दिवसांत वाघाची भीती वेगळीच. तिकडे गावकऱ्यांनी नको म्हटलं की नको.

बाकीची भीती छोटी, पण रोजची. आग्या मोहोळ उंच झाडाला किंवा कड्याला लोंबलेलं दिसलं की आवाज बंद, विडी-सिगारेट बंद, अंगाला अत्तर लावून तर यायचंच नाही. खाजकुहिरीच्या शेंगा या दिवसांत वाळलेल्या असतात, मखमली, तपकिरी, हात लावावा अशा. त्यांची लव वाऱ्यानंसुद्धा उडते आणि मग तासभर माणूस नाचतो. चोळू नका, चोळली की ती आणखी आत रुतते. गावात शेण थापतात, वाळल्यावर त्यासोबत लव निघते. मी खिशात रुंद चिकटपट्टी ठेवतो. कुसळ मोज्यांत घुसतं, त्याला इलाज नाही, घरी बसून एकेक काढायचं. दगड उलटून बघायचा मोह आवरा, खाली विंचू असतो. डोक्याला दुपट्टा, माणशी दोन लिटर पाणी, ज्वारीची भाकर, ठेचा, कांदा. कांदा खिशात ठेवला की ऊन लागत नाही असं आमच्याकडे म्हणतात. खिशातला कांदा शेवटी भाकरीसोबत खाल्ला जातो, तेवढा उपयोग नक्की.

गावाजवळ आलात की पाण्याच्या विहिरीपाशी, मारुतीच्या पाराजवळ, कडुनिंबाखाली एक नजर टाका. शेंदूर फासलेल्या दगडांत बरेचदा वीरगळ किंवा सतीशिळा असते. कोपरात वाकलेला हात, त्यात बांगड्या, वर सूर्य-चंद्र, म्हणजे सतीशिळा. वीरगळावर एकावर एक चौकटी असतात, खालच्या चौकटीत लढाई, वरच्या चौकटीत वीर देवापुढे बसलेला. शेंदराखाली काय आहे ते बघायला नखानं खरवडणारा एक हौशी माणूस मी एका गावात मार खाता खाता वाचलेला पाहिला. गावाच्या लेखी तो अभ्यासाचा दगड नसतो, मायबाई असते. आरसा इथंही चालतो. आधी हात जोडायचे, मग आरसा काढायचा, आणि पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना काय करतोय ते सांगायचं. ते स्वतःच उठून आरसा धरतात.

पूर्वेकडे, वैनगंगेच्या बाजूला जायचं झालं तर चित्र बदलतं. चंद्रपूर जिल्ह्यात चिमूर तालुक्यातल्या हिरापूरला, आणि भंडारा जिल्ह्यात पिंपळगावला, उभ्या शिळांवर आडवी शिळा टाकलेली घरासारखी रचना आहे. ती धोंड्यांची वर्तुळं नव्हेत. दगडाचा स्वभावच मला यात मोठा वाटतो: इकडचा काळा दगड गोल धोंडा होतो, तिकडचा फळीसारखा सुटतो. पण तो दुसरा दिवस, दुसरी फेरी, आणि मुलीला एवढ्या प्रवासात ओढू नका. नागपूरपासून सोपा दुसरा दिवस हवा असेल तर नगरधन, मनसर, रामटेक. चौथ्या-पाचव्या शतकातल्या वाकाटकांचा मुलूख, चढायला टेकडी, आणि केवल नरसिंहाच्या देवळातला शिलालेख. तिथं दगड घडवलेला आहे, शोधावा लागत नाही. त्यामुळे मला तिथं जरा करमत नाही, पण तुम्हाला आवडेल.

मुलीचं विचारलंत. नऊ वर्षांचं पोर या कामाला मोठ्यांपेक्षा बरं, कारण त्याची नजर जमिनीच्या जवळ असते. तिला 'शिलावर्तुळ शोध' म्हणून सांगू नका, 'पालथं ताट शोध' म्हणा. पांदणीत पांढऱ्या-राखी गारगोटीसारखे चपटे दगड दिसले तर तेही तिला बघू द्या. लाव्ह्याच्या दोन थरांमधे जिथं तळी साचली होती तिथल्या गाळाच्या दगडांत गोगलगायींचे शंख सापडतात. हिस्लॉपनं नागपूरजवळच्या टाकळीचे असले शंख गोळा केले होते. टाकळी आता शहराच्या पोटात गेली.

परत फिरायची वेळ साडेदहा. त्यानंतर सावल्या आखडतात आणि तुम्हाला पुन्हा नुसते धोंडे दिसायला लागतात. आरसा न्याल तो काठाला कापड गुंडाळलेला न्या, आणि तो तिच्याच हातात द्या. मधोमध तिला उभं करा, तुम्ही काठानं चाला, आणि ती ज्या दगडावर ऊन पाडेल तिथं बसून बघा. गायकी जवळपास असेल तर त्याला आधी रामराम घाला. कुटाराची गंजी कुठं होती, ते त्यालाच विचारून घ्या.